पॅटनची वाट अडवणारे वैद्य

पश्चिम द्रुतगती महामार्गावर गोरेगावला ओबेरॉय मॉलच्या चौकातून पूर्वेला डोंगराच्या दिशेने वळलं की दिंडोशी, नागरी निवारा, गोकुळधाम असा सगळा पसारा लागतो. इथल्या हजारो घरांच्या पत्त्यात, वीजबिलावर, आधार कार्डावर ‘जनरल ए. के. वैद्य मार्ग’ असं छापलेलं असतं. रिक्षात बसल्यावर मात्र कुणी हे नाव घेत नाही. ‘नागरी निवारा’ नाहीतर ‘फिल्मसिटी’ म्हणायचं, की रिक्षा निघते. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या कामामुळे या भागाचं रूप सध्या रोज पालटतंय. डोंगराखालून बोगदे काढून हा रस्ता थेट मुलुंडला निघणार, म्हणजे ‘जनरल वैद्य’ हा शब्द पत्ते शोधणाऱ्या आणखी बऱ्याच लोकांच्या तोंडी येईल.

ज्यांना नाव ठाऊक आहे त्यांना बहुधा दोनच गोष्टी ठाऊक असतात. सुवर्णमंदिरातली कारवाई झाली तेव्हा हे लष्करप्रमुख होते आणि त्या रागातून निवृत्तीनंतर पुण्यात त्यांचा खून झाला. दोन्ही खरंच आहे. पण या दोन गोष्टींनी माणसाची आधीची चाळीस वर्षं पार झाकून टाकली. महावीर चक्र हे परमवीर चक्राखालोखालचं युद्धकालीन शौर्यपदक. ते दोनदा मिळवणारे आजवर फक्त सहा जण आहेत आणि वैद्य त्यांतले एक. एक १९६५ चं, दुसरं १९७१ चं, आणि दोन्ही रणगाड्यांच्या लढाईतली. त्यातही गंमत अशी, की पहिल्या लढाईत शत्रूला आपल्या हव्या त्या वाटेने यायला भाग पाडायचं होतं आणि दुसरीत जिथे वाटच नव्हती तिथून आपण जायचं होतं. रणगाड्यांच्या युद्धाचे हे दोन टोकाचे प्रश्न. एकाच माणसाला सहा वर्षांच्या अंतराने दोन्ही सोडवावे लागले, असं क्वचितच घडतं.

अरुणकुमार श्रीधर वैद्य यांचा जन्म १९२६ चा, अलिबागचा. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा ते सैन्यात अधिकारी झाले. त्याच कुलाबा जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे त्याच्या थोडंच आधी, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले होते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनच्या या बावीस वर्षांच्या पोराने आपल्या तुकडीतले सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धाव घेतली, आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. मराठी माणसाच्या मनातला सैनिक हा असा असतो: पायदळातला, संगीन लावलेला, डोंगर चढणारा. वैद्य मात्र रणगाड्यांकडे गेले. चिलखती दलात मराठी अधिकारी तेव्हा विरळाच.

ज्या रेजिमेंटचं नेतृत्व पुढे त्यांच्याकडे आलं, ती डेक्कन हॉर्स. मूळ निजामाच्या चाकरीतलं घोडदळ. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१६ मध्ये, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत या रेजिमेंटने हाय वुड नावाच्या रानाजवळ भाले रोखून घोडे घातले होते. समोर मशीनगन होत्या, हे लक्षात घेतलं की त्या चालीतलं धाडस आणि वेडेपणा दोन्ही कळतात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत घोडे जाऊन शर्मन रणगाडे आले. १९४५ च्या सुरुवातीला ब्रह्मदेशात मेक्तिलाच्या लढाईत डेक्कन हॉर्स आणि प्रोबिन्स हॉर्स या दोन रेजिमेंटी एकाच टँक ब्रिगेडमध्ये खांद्याला खांदा लावून लढल्या. दोन वर्षांनी फाळणी झाली. डेक्कन हॉर्स भारताकडे राहिली, प्रोबिन्स हॉर्स पाकिस्तानकडे गेली. मेक्तिलानंतर वीस वर्षांनी पंजाबातल्या खेमकरणच्या उसात त्या दोन्ही पुन्हा एका रणांगणावर आल्या, या वेळी समोरासमोरच्या बाजूंना.

सप्टेंबर १९६५. काश्मीरमध्ये छांब-अखनूरकडे पाकिस्तानचा दाब वाढला, तो हलका करण्यासाठी ६ सप्टेंबरला भारताने पंजाबची आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. खेमकरणच्या बाजूला चौथी माउंटन डिव्हिजन होती, मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या हाताखाली. तिला इछोगिल कालव्यापर्यंत जायचं होतं. ते जमलं नाही. दोन दिवसांत डिव्हिजनची चांगलीच वाताहत झाली, काही बटालियनांची माणसं विखुरली आणि गुरबक्ष सिंगांनी उरलेलं सैन्य मागे घेऊन असल उत्तर या गावाभोवती पाय रोवले. डिव्हिजनच्या हाताशी एकच रणगाडा रेजिमेंट होती: डेक्कन हॉर्स, कमांडंट लेफ्टनंट कर्नल अरुण वैद्य, वय एकोणचाळीस.

या चौथ्या डिव्हिजनविषयी थोडं थांबून सांगायला हवं. लाल गरुड हे तिचं चिन्ह. तिचा इतिहास इटालियन सैन्याशी घट्ट बांधलेला आहे आणि त्यातला एक प्रसंग असल उत्तरच्या अगदी उलट आहे, म्हणून उपयोगाचा.

डिसेंबर १९४० मध्ये इजिप्तच्या वाळवंटात सिदी बर्रानीजवळ इटालियनांनी तटबंदी छावण्यांची एक माळ उभारली होती. त्यांतल्या निबेवा छावणीचा सेनापती होता जनरल पिएत्रो मालेत्ती, साठीचा, वसाहतींतल्या युद्धांत मुरलेला. त्याच्या नावावर एक काळा डागही आहे. मे १९३७ मध्ये इथिओपियातल्या देब्रे लिबानोस मठातल्या शेकडो साधूंची जी कत्तल झाली, ती व्हाइसरॉय ग्रात्सियानीच्या हुकमावरून याच मालेत्तीच्या सैन्याने केली. निबेवाला त्याच्यापाशी तोफा होत्या, दगडी भिंती होत्या, भोवती सुरुंग पेरलेले होते आणि एम-११ जातीचे काही रणगाडेही होते. पण रसदीच्या गाड्यांना आत-बाहेर करता यावं म्हणून छावणीची मागची बाजू, वायव्येचा कोपरा, सुरुंगांविना मोकळा ठेवला होता. ब्रिटिश टेहळणीला तो कोपरा सापडला. ९ डिसेंबरच्या पहाटे समोरून तोफांचा भडिमार करून लक्ष तिकडे गुंतवलं आणि माटिल्डा रणगाडे मागच्या मोकळ्या वाटेने आत घुसले, त्यांच्यामागे चौथ्या भारतीय डिव्हिजनची अकरावी ब्रिगेड. मालेत्तीचे रणगाडे तटाबाहेर उभेच होते, बरेचसे चालक बसायच्या आतच निकामी झाले. मालेत्ती स्वतः मशीनगन घेऊन बाहेर आला आणि तिथेच मारला गेला. शौर्य कमी पडलं असं नाही म्हणता येणार. ज्या वाटेने शत्रू येऊ शकतो ती वाट त्याने स्वतःच्या सोयीसाठी उघडी ठेवली होती, एवढंच.

याच डिव्हिजनने पुढे एरिट्रियात केरेनचा डोंगरी किल्ला इटालियनांकडून घेतला. मग १९६२ मध्ये चिनी सैन्यापुढे से ला-बोमडिलाच्या भागात तिची धूळधाण झाली. असल उत्तरला जी माणसं मोर्चे खणत होती, त्यांच्या डोक्यावर तीन वर्षांपूर्वीचा तो पराभव होता आणि दोन दिवसांपूर्वीचाही.

समोरून येणार होती पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन. अमेरिकेने १९५४ च्या करारानंतर दिलेले पॅटन रणगाडे हे तिचं मुख्य बळ. जनरल जॉर्ज पॅटन, ज्यांनी १९४३ मध्ये सिसिली बेटावर इटालियन आणि जर्मन फौजांना रेटत पालेर्मो घेतलं, त्यांचंच नाव या रणगाड्याला दिलेलं. पॅटनचं वजन सुमारे पंचेचाळीस टन, तोफ ९० मिलिमीटरची. वैद्यांच्या शर्मनचं वजन तीस-बत्तीस टन, रचना १९४२ च्या जमान्यातली, तोफ ७६ मिलिमीटरची. उघड्या मैदानात समोरासमोर उभे केले तर पॅटन दूरूनच शर्मनला उडवणार, आणि शर्मनचा गोळा पॅटनच्या पुढच्या तिरक्या चिलखतावरून सटकण्याची शक्यता मोठी. पाकिस्तानचा बेतही तसाच मोठा होता. खेमकरण फोडून बियास नदीवरच्या पुलापर्यंत जायचं, ग्रँड ट्रंक रोड तोडायचा, अमृतसर आणि तिथलं सगळं भारतीय सैन्य मागून कापायचं. पश्चिम कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग यांनी तर आठवणींत लिहिलंय, की लष्करप्रमुख चौधरींनी बियासच्या मागे सरकायचा विचार मांडला होता आणि तो आपण मानला नाही.

मग तीस टनी जुनाट गाड्यांनी पंचेचाळीस टनांची फौज थोपवायची कशी? इथे चिलखताची एक साधी गोष्ट लक्षात घ्यायची. कुठल्याही रणगाड्याचं जाड चिलखत असतं पुढे. बाजूंना आणि मागे ते पातळ असतं, कारण सगळीकडे सारखं जाड केलं तर गाडी हलणारच नाही. तेव्हा पॅटन मारायचा तर तो आपल्याकडे तोंड करून नव्हे, आपल्या समोरून आडवा जाताना मारायचा. त्यासाठी तो कुठून जाणार हे आधी ठरलेलं पाहिजे. म्हणजे ते आपण ठरवलेलं पाहिजे.

असल उत्तरची मोर्चेबंदी घोड्याच्या नालेसारखी होती. उघडं तोंड खेमकरणकडे, आत पायदळ आणि तोफा, आणि बाजूंना उसाच्या उभ्या पिकात दडवलेले रणगाडे. सप्टेंबरातला ऊस माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला असतो. शिवाय रात्री कालव्यांचे बांध फोडून आसपासची शेतं पाण्याखाली घातली गेली. पंचेचाळीस टनांच्या गाडीला पंजाबची भिजलेली माती कशी धरते, हे सांगायला नको. पाणी नव्हतं तिथेच जमीन टणक राहिली आणि ती जमीन नालेच्या आत नेत होती.

पहिले धक्के ८ सप्टेंबरला आले. ते झेलले डेक्कन हॉर्सने. रात्री, पहाटे, पुन्हा दुपारी पॅटन येत राहिले आणि या शर्मनवाल्यांना एकच गोष्ट पाळायची होती: घाई करायची नाही. तोफ झाडली की धूळ-धूर उठतो, जागा कळते, म्हणून पहिला गोळा लागायलाच हवा. वाट बघायची, काही शे मीटरवर येऊ द्यायचं, बाजू दिसली की मारायचं, आणि लगेच जागा बदलायची. ऐकायला सोपं आहे. लोखंडी डब्यात चार-पाच माणसं बसलेली, बाहेर इंजिनांचा आवाज वाढत चाललेला, आणि कमांडरने रेडिओवर ‘थांबा’ म्हणायचं. कमांडंटचं काम इथे कुठल्याशा खोल खंदकात बसून नकाशा बघण्याचं नव्हतं. महावीर चक्राच्या गौरवपत्रात असल उत्तर आणि चीमा या दोन्ही ठिकाणांचा उल्लेख आहे, आणि वैद्य जिवाची पर्वा न करता एका तुकडीकडून दुसरीकडे फिरत राहिले यावर भर आहे. सरकारी गौरवपत्रांची भाषा ठरावीक असते. पण रेडिओवरचा आवाज आणि शेजारी उभा असलेला कर्नल यांत फरक असतो, हे कुठलाही सैनिक सांगेल.

९ तारखेला मदतीला ब्रिगेडियर थिओगराज यांची दुसरी आर्मर्ड ब्रिगेड येऊन उभी राहिली होती. तिच्यातल्या तिसऱ्या कॅव्हलरीकडे सेंच्युरियन होते, पॅटनला तोडीस तोड. नाल आता पुरती बळकट झाली. १० सप्टेंबरला पाकिस्तानी डिव्हिजनने जोर केला आणि ती आत शिरली. त्याच दिवशी कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पॅटनमागून पॅटन फोडत असताना मारले गेले. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे आणि ते असायलाच हवं. पण जीपवाल्या एका बहाद्दराने सगळी डिव्हिजन अडवली, असं जे चित्र पुढे रूढ झालं त्याने त्यांच्यावरही अन्यायच होतो. पायदळाच्या रिकॉइललेस तोफा, उसातले शर्मन, सेंच्युरियन, मागचा तोफखाना आणि पाणी सोडणारे फावडेवाले, हे सगळं एकमेकांत विणलेलं होतं. पाकिस्तानी तोफखान्याचे प्रमुख ब्रिगेडियर शमी पुढे टेहळणीला आले आणि मारले गेले. पाकिस्तानच्या चौथ्या कॅव्हलरीचे कमांडिंग ऑफिसर उसात अडकलेले, ११ तारखेला आपल्या अधिकाऱ्यांसह शरण आले. भारतीय नोंदींत पाकिस्तानच्या गमावलेल्या रणगाड्यांचा आकडा ९७ दिला जातो. भिखीविंडजवळ ते मांडून ठेवले तेव्हा लोकांनी त्या जागेला ‘पॅटन नगर’च म्हणायला सुरुवात केली.

पॅटन वाईट रणगाडा होता का? अजिबात नाही. त्याची नेम धरायची यंत्रणा शर्मनपेक्षा कितीतरी पुढची, पण ती वापरायला बराच सराव लागायचा. शिवाय समोर काय आहे याची पायदळाने आधी चाचपणी न करता रणगाडे उसात लोटले गेले. मशीन महाग होती, ती चालवणारी पद्धत घाईची.

पुढचा प्रश्न १९७१ चा. तो मला अधिक अवघड वाटतो.

नकाशात बघितलं तर जम्मू आणि पठाणकोट यांच्यामध्ये पाकिस्तानचा एक फुगवटा भारतात शिरलेला दिसतो. हा शकरगढचा भाग. याच्या वरून जम्मूला जाणारा एकमेव मोठा रस्ता जातो, सीमेपासून अगदी जवळून. तो रस्ता वाचवायचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे फुगवट्यातच शिरणं. लेफ्टनंट जनरल के. के. सिंग यांच्या पहिल्या कोअरवर ते काम आलं. पाकिस्तानलाही हे ठाऊक होतं, म्हणून त्याने तिथे सुरुंगांचे पट्ट्यामागून पट्टे पेरले. या कोअरमधल्या ५४ व्या डिव्हिजनबरोबर १६ वी स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड होती आणि तिचे कमांडर ब्रिगेडियर वैद्य. चौथी हॉर्स, सोळावी लाइट कॅव्हलरी आणि सतरावी पूना हॉर्स या तिच्यातल्या रेजिमेंटी.

पूना हॉर्सचं मूळ पुण्यातलं, १८१७ च्या सुमारास पेशव्यांशी झालेल्या तहातून कंपनी सरकारने उभारलेल्या घोडदळातलं. त्यात नंतर मराठी माणूस फारसा उरला नाही. पण १९७१ मध्ये या रेजिमेंटमधल्या सगळ्यांत लहान अधिकाऱ्यांपैकी एकाचा जन्म मात्र पुण्याचा होता: सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, एकवीस वर्षांचा. रेजिमेंटचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग, राजस्थानातले, अतिशय कडक आणि तितकेच धार्मिक. आयुष्यभर अविवाहित राहिलेले.

सुरुंगक्षेत्र म्हणजे नेमकं काय, हे डोळ्यांपुढे आणायला हवं. रणगाड्याविरुद्धचा सुरुंग माणसाच्या पायाने फुटत नाही, त्याला गाडीचं वजन लागतं. तो फुटला की रणगाड्याची साखळी तुटते. आतली माणसं बहुधा वाचतात, पण गाडी जागच्या जागी थांबते, आणि सुरुंगांच्या पट्ट्यात थांबलेली गाडी म्हणजे शत्रूच्या तोफेचं आयतं लक्ष्य. म्हणून अभियंत्यांनी रात्री पुढे जायचं, सुरुंग शोधायचे, काढायचे, जेमतेम एका रणगाड्याच्या रुंदीची गल्ली करायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना खुणा लावायच्या. बसंतर नदीपाशी हे पट्टे ठिकठिकाणी हजार मीटरहून खोल होते. बारा डब्यांच्या चार लोकल एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढं अंतर काळोखात, गोळीबाराखाली, हाताने चाचपत कापायचं. मेजर विजय रतन चौधरी हे नवव्या इंजिनिअर रेजिमेंटचे अधिकारी हेच काम करताना पडले. त्यांनाही महावीर चक्र मिळालं, पण त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे?

चक्रा आणि देहलिरा ही गावं घेऊन ब्रिगेड बसंतरपाशी पोचली. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळाने नदी ओलांडून पलीकडे पाय टेकवला. ग्रेनेडियर्स जरपालला होते, तिथे मेजर होशियार सिंग यांनी पुढे दोन दिवस जे केलं त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं, आणि विशेष म्हणजे ते हयातीत. पण पायदळ पलीकडे आणि रणगाडे अलीकडे, ही अवस्था कुठल्याही कमांडरला झोप येऊ देणारी नाही. पलीकडच्या माणसांना शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल ऐकू येऊ लागली आणि मदतीची मागणी आली. गल्ली अजून पुरी झालेली नव्हती.

पुस्तकी उत्तर असं: थांबा, अभियंत्यांचं काम होऊ द्या. थांबलं तर उजाडेपर्यंत पायदळ चिरडलं जाण्याची भीती. निघालं तर उरलेल्या सुरुंगांत पहिला रणगाडा अडकला की मागची सगळी रांग अडकणार, आणि सकाळी पाकिस्तानी तोफांना ती सगळी रांग दिसणार. पूना हॉर्स निघाली. अर्धवट साफ झालेल्या सुरुंगांतून तिचे सेंच्युरियन पलीकडे पोचले. यात नशीब होतं, हे तिथे असलेल्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं आहे. पण नशिबावर पैज लावायची वेळ कुठली, हे ओळखणं नशीब नव्हे. वैद्यांच्या दुसऱ्या महावीर चक्राच्या गौरवपत्रात या सुरुंगक्षेत्राचा आणि तिथून रणगाडे पलीकडे नेण्याचा उल्लेख आहे. माझ्या मते त्यातली त्यांची खरी कामगिरी वेगळी होती. हणूत सिंगांसारखा स्वतःचं डोकं असलेला कमांडंट हाताखाली असताना त्याच्या डोक्यावर बसून न राहणं हे ब्रिगेडियरसाठी सोपं नसतं. आपल्याकडे वरिष्ठाने खालच्याचं काम स्वतः करून दाखवण्याला फार मान आहे. बसंतरला तसं झालं नाही.

१६ डिसेंबरच्या सकाळी पाकिस्तानच्या आठव्या आर्मर्ड ब्रिगेडने प्रतिहल्ले सुरू केले. रणगाड्यांची इतकी जवळून झालेली लढाई त्या युद्धात दुसरीकडे क्वचितच झाली. खेतरपालच्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनला आग लागली, तेव्हा त्याला बाहेर पडायचा हुकूम आला. आपली तोफ अजून चालते आहे, म्हणून त्याने तो मानला नाही आणि तो तिथेच पडला. मरणोत्तर परमवीर. त्याच्यासमोर लढलेले पाकिस्तानी अधिकारी ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी तीस वर्षांनी, २००१ मध्ये, खेतरपालच्या वडिलांना लाहोरमध्ये स्वतःच्या घरी पाहुणे म्हणून ठेवून घेतलं आणि निघायच्या आदल्या रात्री तो प्रसंग त्यांना स्वतःच सांगितला. १७ तारखेला पाकिस्तानचे लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा आपल्या बटालियनच्या पुढे चालत ग्रेनेडियर्सच्या मोर्चांवर आले आणि पडले. त्यांच्या शौर्याची दखल घ्या, असं भारतीय बटालियनच्या कमांडरनेच पलीकडे कळवलं आणि पाकिस्तानने त्यांना हिलाल-ए-जुर्रत दिलं. त्याच दिवशी रात्री आठला युद्धविराम झाला.

वैद्यांच्या गौरवपत्रात शत्रूचे साठाहून अधिक रणगाडे उद्ध्वस्त झाल्याचं म्हटलं आहे आणि आपलं नुकसान त्या मानाने फारच थोडं होतं. तरीही शकरगढच्या मोहिमेवर पुढे बरीच टीका झाली. कोअर फार सावध राहिली, बाजू सांभाळण्यात अडकली, दोन आठवड्यांत काही मैलच पुढे गेली, असा आक्षेप लष्करी अभ्यासकांनी घेतला आणि तो मला रास्त वाटतो. पण तो आक्षेप कोअरच्या मुख्यालयावरचा आहे. बसंतरच्या पलीकडे जे घडलं त्याला तो लागत नाही.

यानंतरची वर्षं भरभर सांगता येतील. कोलकात्याची पूर्व कमांड झाली आणि १९८३ च्या जुलैअखेर वैद्य लष्करप्रमुख झाले. इथे एक खडा आहे. उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा सेवेत ज्येष्ठ होते, सगळे त्यांच्याकडेच भावी प्रमुख म्हणून बघत होते. इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना डावललं आणि सिन्हांनी राजीनामा दिला. दोनदा महावीर चक्र मिळालेल्या माणसाच्या पात्रतेवर कुणी बोट ठेवलं नाही, पण नेमणुकीभोवती राजकारणाचा वास राहिला.

एप्रिल १९८४ मध्ये सियाचिनवर भारतीय सैनिक उतरवले गेले, ऑपरेशन मेघदूत. जूनमध्ये ऑपरेशन ब्लू स्टार. वैद्य रणगाड्यांचे सेनापती होते. शत्रू कुठून येणार, आपण कुठून जायचं, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडवला होता. अमृतसरच्या मंदिरात तोच प्रश्न आपल्याच नागरिकांच्या मधोमध, शिखांच्या सर्वांत पवित्र वास्तूत उभा राहिला, आणि त्यात अकाल तख्तावर रणगाड्यांच्या तोफा चालवल्या गेल्या. हुकूम पंतप्रधानांचा, प्रत्यक्ष कारवाई पश्चिम कमांडचे सुंदरजी आणि मेजर जनरल ब्रार यांची, पण सैन्याचे प्रमुख वैद्य होते. बातमी पसरताच रामगढच्या शीख रेजिमेंटल सेंटरमधल्या जवानांनी बंड केलं आणि आपल्याच कमांडंट ब्रिगेडियर पुरींना ठार मारलं. ज्या सैन्यात पंजाबचा शीख जवान पाठीचा कणा होता, त्याच्यात ही फूट पडणं ही वैद्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी जखम. बसंतरचा हिशेब पदकांत मांडता येतो, याचा नाही.

जानेवारी १९८६ मध्ये निवृत्त होऊन ते पुण्यात राहायला आले. धमक्या येत होत्या. १० ऑगस्टला, रविवारी, बाजारातून घरी जाताना मोटार ते स्वतःच चालवत होते, शेजारी पत्नी भानुमती. मोटारसायकलवरून आलेल्यांनी अगदी जवळून गोळ्या झाडल्या. वैद्य जागीच गेले, पत्नी जखमी झाल्या पण वाचल्या. सुखदेव सिंग सुखा आणि हरजिंदर सिंग जिंदा यांच्यावर खटला चालला. दोघांनाही ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आलं.

ज्याला या गोष्टीतलं लोखंड डोळ्यांनी बघायचं आहे त्याने नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जावं. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथेच आहे आणि त्याच्या जवळच रणगाड्यांचं संग्रहालय. तिथे पॅटन उभा आहे. समोर उभं राहून त्याचं पुढचं चिलखत बघायचं आणि मग बाजूला जाऊन, जमल्यास दोन्हींची जाडी मनातल्या मनात ताडायची. शर्मनवाल्यांना उसात तासन्‌तास कशाची वाट बघायची होती, ते तिथे दोन मिनिटांत कळतं.